सरकारी आर्थिक साहाय्य घेणाऱ्यांपर्यंत रोजगार सेवा कशी पोहोचते आणि कुठे अडते

ज्या देशांत बेरोजगार किंवा उत्पन्न नसलेल्या नागरिकांना सरकार दरमहा आर्थिक साहाय्य देते, त्यांपैकी बहुतेक देशांत त्या पैशांबरोबर काम शोधण्यासाठीही मदत देऊ केलेली असते. रिक्त जागांची माहिती, अर्जाची आणि मुलाखतीची तयारी, कौशल्य प्रशिक्षण, नव्या माणसाला कामावर घेणाऱ्या मालकाला पहिले काही महिने दिले जाणारे वेतन-अनुदान, मुलाखतीला जाण्याचा प्रवासखर्च, लहान मुलांसाठी पाळणाघराची सोय, कर्ज किंवा व्यसन यांतून बाहेर पडण्यासाठी समुपदेशन, असे बरेच काही या मदतीत येते. कागदावर ही मदत सर्वांसाठी खुली असते आणि बहुधा मोफतही असते. तरीही ज्याला तिची गरज सर्वांत जास्त, त्याच्यापर्यंत ती सर्वांत कमी पोहोचते, असा अनुभव अनेक देशांनी घेतला आहे. याचे खापर साहाय्य घेणाऱ्यांच्या आळसावर फोडणे सोपे असते, पण ते चुकीचे आहे. खरी कारणे सेवेच्या रचनेत आहेत, आणि ती नीट समजून घेतली तर आपल्या वाट्याची मदत मिळवणेही थोडे सोपे होते.

एकाच टेबलावर दोन कामे

सरकारी रोजगार केंद्र ही शंभराहून अधिक वर्षांची जुनी व्यवस्था आहे. ब्रिटनमध्ये तिच्यासाठी १९०९ साली कायदा झाला आणि फेब्रुवारी १९१० मध्ये पहिली केंद्रे उघडली. काम शोधणाऱ्या मजुराने एका कारखान्याच्या फाटकावरून दुसऱ्या फाटकावर हेलपाटे घालण्याऐवजी रिक्त जागा आणि काम मागणारी माणसे या दोहोंची नोंद एका ठिकाणी व्हावी, एवढाच मूळ उद्देश होता. पुढे १९११ साली बेरोजगारी विम्याचा कायदा आला. विम्याचा भत्ता मागणारा माणूस खरोखर बेकार आहे काय, काम देऊ केल्यास तो ते घेतो काय, हे कोणीतरी तपासणे आता भाग होते, आणि ते काम याच केंद्रांकडे आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४८ साली रोजगार सेवेविषयीचा ८८ क्रमांकाचा करार स्वीकारला. मोफत सार्वजनिक रोजगार सेवा चालवणे ही सरकारची जबाबदारी असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सेवा जगभर पसरली आणि मदत व तपासणी यांची जोडीही तिच्याबरोबर पसरली.

माझ्या मते या विषयातील बहुतेक गुंता याच जोडीतून निर्माण होतो. अर्जदाराने आपली अडचण जितकी मोकळेपणाने सांगावी, तितकी मदत नेमकी करता येते. परंतु घरात आजारी आई आहे, पाठीचे दुखणे आहे, धड वाचता येत नाही, नवरा मारहाण करतो, रात्र रात्र झोप लागत नाही, अशी एखादी गोष्ट सांगितल्यावर ‘ही व्यक्ती कामासाठी उपलब्ध नाही’ असा शेरा पडून भत्ताच बंद होईल, अशी भीती असेल, तर ती सांगण्याचे धाडस कोण करील? मग अर्जदार गप्प राहतो, समुपदेशक त्याला कसलीच अडचण नसलेल्या उमेदवारांमध्ये धरतो, आणि त्याने काय करायचे हे ठरवणाऱ्या लेखी योजनेत त्याला न पेलणारी अट घातली जाते. ती अट मोडली की साहाय्यात कपात होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी या अडचणींसाठी सूट किंवा वेगळी सेवा नियमांत दिलेली असते. ती सूट मागण्यासाठी अडचण सांगावी लागते आणि अडचण सांगण्यासाठी विश्वास लागतो.

कोणाला कोणते दार

दुसरी अडचण साहाय्याच्या प्रकारातून येते. बेरोजगारांना मिळणारे पैसे साधारणपणे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार विम्याचा: नोकरीत असताना पगारातून हप्ता कापला जातो आणि नोकरी गेल्यावर ठरावीक काळ भत्ता मिळतो. दुसरा प्रकार गरजेवर आधारलेला: कुटुंबाचे उत्पन्न आणि मालमत्ता एका मर्यादेखाली असेल तर साहाय्य मिळते, मग पूर्वी हप्ते भरलेले असोत वा नसोत. विम्याचा भत्ता घेणारा माणूस बहुधा नुकताच बेकार झालेला असतो. त्याच्याजवळ ताजा अनुभव आणि ओळखीपाळखी असतात. गरजेवर आधारलेले साहाय्य घेणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ कामाबाहेर असलेले, आजारी, एकट्याने मुले वाढवणारे आणि कधीच पक्की नोकरी न लागलेले लोक अधिक असतात. कित्येक दशके अनेक देशांत रोजगार केंद्र पहिल्या गटासाठी चालत असे, तर दुसऱ्या गटाची फाइल नगरपालिकेच्या समाजकल्याण विभागात असे. तिथे पैसे मिळत, पण नोकरीचा रस्ता दाखवणारे फारसे कोणी नसे.

हे दोन विभाग जोडण्याचे प्रयत्न गेल्या पंचवीस वर्षांत बरेच झाले. ब्रिटनने २००२ साली रोजगार सेवा आणि काम करण्याच्या वयातील नागरिकांचे भत्ते एका छताखाली आणले. जर्मनीने २००५ साली दीर्घकालीन बेरोजगारांचा भत्ता आणि समाजकल्याणाचे साहाय्य एकत्र करून त्यांच्यासाठी ‘जॉबसेंटर’ उभारली. नॉर्वेने २००६ पासून रोजगार, विमा आणि नगरपालिकेचे साहाय्य एका कार्यालयात आणले. फ्रान्समध्ये किमान उत्पन्नाचे साहाय्य घेणाऱ्या अनेकांची रोजगार सेवेत नोंदच नसे; जानेवारी २०२५ पासून त्या सर्वांची नोंदणी ‘फ्रान्स त्राव्हाय’ या राष्ट्रीय रोजगार संस्थेत आपोआप होते. नोंदणीचे दार उघडणे आवश्यकच होते. त्यासोबत दर आठवड्याला किमान पंधरा तासांच्या उपक्रमांची अटही आली, आणि काही गटांसाठी सूट ठेवली असली तरी हे तास कोणाला कसे लागू होणार यावर तिथे मोठा वाद झाला. एकत्रीकरणात नेहमी असेच होते: सेवा ज्यांच्यापर्यंत पोहोचते, त्यांच्यापर्यंत अटीही पोहोचतात.

नोंदणी झाल्यानंतर छाननी येते. सर्वांना सर्व सेवा देण्याइतका पैसा कुठेच नसतो, त्यामुळे कोणाला किती मदत द्यायची हे ठरवण्यासाठी अर्जदारांचे गट पाडले जातात. वय, शिक्षण, बेकारीचा काळ, आजार, भाषा, राहण्याचे ठिकाण यांविषयी प्रश्न विचारून गुण दिले जातात, आणि त्या गुणांवरून प्रशिक्षण मिळणार की नुसती जागांची यादी, हे ठरते. पोलंडमध्ये २०१४ पासून बेरोजगारांना तीन गटांत विभागले जात असे. नोकरीपासून सर्वांत दूर मानल्या गेलेल्या तिसऱ्या गटाला सर्वांत कमी सेवा उपलब्ध होत्या, आणि गट कसा ठरला हे अर्जदाराला नीट कळत नसे. तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने २०१८ साली या पद्धतीतील तरतुदी घटनेशी विसंगत ठरवल्या आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली. ऑस्ट्रियामध्ये नोकरी मिळण्याची शक्यता वर्तवणारी एक संगणकीय प्रणाली तयार झाली होती, तिच्यात स्त्री असणे हा घटक गुण कमी करणारा होता, आणि स्त्रीवर कोणाच्या देखभालीची जबाबदारी असेल तर ते आणखी कमी होत. बाजारातील भेदभावाचे चित्र ती प्रणाली कदाचित बरोबर टिपत असेल, पण त्या चित्राच्या आधारे मदत कमी करणे म्हणजे एकाच अन्यायाची शिक्षा दोनदा देणे होय. तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२० साली तिचा वापर थांबवण्याचा आदेश दिला.

सेवा खासगी किंवा स्वयंसेवी संस्थांकडे कंत्राटाने दिलेली असेल, तर आणखी एक गाळणी लागते. ऑस्ट्रेलियाने १९४६ पासून चाललेली आपली सरकारी रोजगार सेवा १९९८ साली बंद करून हे काम कंत्राटदारांच्या जाळ्याकडे सोपवले. ब्रिटनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या योजनेत कंत्राटदाराला बहुतांश पैसे उमेदवार नोकरीत टिकल्यावरच मिळत. कामगिरीनुसार पैसे ही कल्पना ऐकायला योग्य वाटते. पण ज्याला नोकरी लावण्यासाठी महिनोन्महिने मेहनत घ्यावी लागेल आणि तरीही यश अनिश्चित आहे, त्याच्यावर कंत्राटदाराने खर्च का करावा? त्यामुळे जे थोड्या धक्क्याने कामाला लागतील त्यांच्याकडे लक्ष आणि बाकीच्यांना अधूनमधून एखादा फोन, अशी विभागणी होते. अवघड गटांसाठी जास्त रक्कम ठेवूनही हा कल पूर्णपणे मोडता आला नाही. सेवा घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. आपल्याला भेटीची तारीख मिळत नाही, एवढेच त्याला कळते.

अटी, कपात आणि कागद

साहाय्य घेणाऱ्याने काय करायचे हे बहुधा एका लेखी योजनेत ठरते: आठवड्याला किती अर्ज, कोणत्या बैठका, कोणते प्रशिक्षण. हे न पाळल्यास साहाय्यात कपात होते. कपातीचा धाक असावा की नसावा यावर मतभेद आहेत, पण तिला मर्यादा असली पाहिजे हे जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात स्पष्ट केले. मूलभूत गरजांसाठी ठरवलेल्या रकमेत ३० टक्क्यांपेक्षा जास्त कपात करणारे तेव्हाचे नियम मानवी प्रतिष्ठेच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे न्यायालयाने म्हटले. ज्या रकमेवर माणूस जेमतेम जगतो तीच काढून घेतली, तर नोकरी शोधण्यासाठी लागणारा फोन, बसभाडे आणि स्वच्छ कपडे तो कुठून आणणार, हा प्रश्न इथे मुळाशी आहे.

कागदपत्रांचे ओझे हे कपातीइतकेच परिणामकारक असते, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याने जून २०१८ मध्ये सरकारी आरोग्य साहाय्य घेणाऱ्या काही प्रौढांना अट घातली की, महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम उपक्रम करून त्याची नोंद द्यावी. सुरुवातीला ही नोंद केवळ संकेतस्थळावरच करता येई, आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद असे. काही महिन्यांतच १८,००० हून अधिक लोकांचे साहाय्य गेले. नंतरच्या अभ्यासात असे आढळले की, अट लागू असलेल्यांपैकी बहुतेक जण आधीच काम करत होते किंवा अटीतून सवलत मिळण्यास पात्र होते, आणि या अटीमुळे रोजगार वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही योजना थांबवली. काम टाळल्यामुळे लोक बाहेर पडले असे इथे म्हणताच येत नाही. काम केल्याची नोंद वेळेत आणि योग्य रकान्यात न झाल्यामुळे बाहेर पडले. मोबाइल आहे पण डेटा नाही, पासवर्ड विसरला, पत्र जुन्या पत्त्यावर गेले, भेटीची वेळ आणि कामाच्या पाळीची वेळ एकच आली, अशा लहान लहान कारणांनी मोठे हक्क सुटतात. म्हणूनच सेवा पूर्णपणे ऑनलाइन करण्याला माझा विरोध आहे. ज्यांना संगणक जमतो त्यांच्यासाठी तो असावाच, पण माणूस बसलेली खिडकी आणि उचलला जाणारा फोन यांना पर्याय म्हणून नव्हे.

काम लागल्यावर हातात किती उरते

नोकरी मिळाली तरी ती घेणे परवडते का, हाही सेवेच्या उपलब्धतेचाच भाग आहे. समजा, एखाद्याला दरमहा साहाय्य मिळते आणि त्याने अर्धवेळ काम धरले. कमाई वाढते तसे साहाय्य कमी होते. ब्रिटनच्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या, अनेक साहाय्ये एकत्र करणाऱ्या भत्त्यात, जिथे कमाईचा काही भाग हिशेबाबाहेर धरण्याची सोय असते तिथे त्या मर्यादेनंतर आणि इतरांच्या बाबतीत पहिल्यापासून, करानंतर हाती आलेल्या दर १०० पैशांमागे ५५ पैसे साहाय्यातून वजा होतात. २०२१ च्या अखेरीपर्यंत हेच प्रमाण ६३ होते. म्हणजे १०० कमावल्यावर हातात ४५ उरतात, आणि त्यातून प्रवास, डबा व पाळणाघराचा खर्च जायचा असतो. काही जुन्या योजनांत तर एक मर्यादा ओलांडताच सगळे साहाय्य एकदम थांबे. त्या मर्यादेपाशी थांबलेल्या माणसाला कामचुकार म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने हिशेब बरोबर केलेला असतो.

पाळणाघराच्या खर्चाचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटनमध्ये या भत्त्यातून तो खर्च एका कमाल मर्यादेपर्यंत ८५ टक्के परत मिळतो, परंतु पालकांनी आधी स्वतःच्या खिशातून भरायचा आणि मग मागायचा, अशी रीत होती. नुकतीच नोकरी लागलेल्या, पहिला पगार अजून हाती न आलेल्या आईकडे ही रक्कम असणार कुठून? २०२३ च्या उन्हाळ्यात नियम बदलून काम सुरू करणाऱ्या किंवा तास वाढवणाऱ्या पालकांना पहिला खर्च आगाऊ देण्याची सोय केली गेली. सेवा तीच राहिली, फक्त पैसे देण्याचा क्रम बदलला, आणि जी सेवा कागदावर होती ती काही कुटुंबांना प्रथमच वापरता येण्याजोगी झाली.

काय उपयोगी पडते

या सेवांवर जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूव्ह आणि आंद्रेया वेबर या अर्थतज्ज्ञांनी २०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा की, सरासरीने पाहता अशा कार्यक्रमांचा परिणाम अल्पकाळात जवळजवळ शून्य असतो, पण दोन-तीन वर्षांनंतर तो स्पष्ट दिसू लागतो. प्रशिक्षणाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. स्त्रिया आणि दीर्घकाळ बेकार असलेले यांना फायदा तुलनेने जास्त होतो. सरकारनेच तात्पुरते काम निर्माण करून देण्याचा पुढच्या नोकरीसाठी मात्र फारसा उपयोग होत नाही, असेही त्यांना आढळले. (अशा कामाचा हेतू उपासमार टाळणे हा असेल, तर त्याचे मोजमाप अर्थातच वेगळे करावे लागेल.) कार्यक्रमाचा निकाल सहा महिन्यांत मागणाऱ्या सरकारांनी हे निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवेत, कारण घाईने लावलेली नोकरी घाईनेच सुटते. जर्मनीने २०२३ च्या सुधारणेत मिळेल त्या नोकरीला प्रशिक्षणापेक्षा अग्रक्रम देण्याचा नियम काढला, तो याच विचाराने.

समुपदेशकामागे किती माणसे आहेत, हा घटक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत काही निवडक कार्यालयांत जास्त कर्मचारी नेमून प्रत्येकाकडील प्रकरणांची संख्या कमी केली गेली. तिथे बेकारीचा काळ घटला, आणि नव्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च भत्त्यांतील बचतीतून साधारण दहा महिन्यांत भरून निघाला. या कार्यालयांनी मालकांकडून जास्त रिक्त जागा मिळवल्या, हे खरे. पण त्यांनी तपासणी आणि कपातही वाढवली होती, हेही सांगायला हवे. दुहेरी भूमिका इथेही सुटलेली नाही.

गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत १९९० च्या दशकात विकसित झालेली एक पद्धत आता अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात आधी वर्षानुवर्षे तयारी आणि मग नोकरी हा क्रम उलटा केला जातो: व्यक्तीची इच्छा असेल तर तिला लवकरात लवकर खऱ्या बाजारातील, खऱ्या पगाराची नोकरी मिळवून दिली जाते आणि सहायक नोकरी लागल्यानंतरही सोबत राहतो. उपचार करणारे आणि नोकरी शोधून देणारे एकाच चमूत काम करतात. जुन्या पद्धतीपेक्षा हिचे निकाल अनेक चाचण्यांत सरस ठरले आहेत. ‘हा काम करण्याच्या स्थितीत नाही’ असे ज्यांच्याविषयी गृहीत धरले होते, त्यांतले बरेच जण आधार मिळाल्यावर काम करू शकले.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये तरुण पदवीधरांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मदत मिळालेल्यांना नोकरी लवकर लागली, पण त्यातला काही फायदा मदत न मिळालेल्यांच्या वाट्याच्या जागा घेऊन झालेला होता. जागाच कमी असतील तर रोजगार सेवा रांगेचा क्रम बदलू शकते, रांग संपवू शकत नाही.

अर्जदाराने काय विचारावे

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असले तरी काही प्रश्न कुठेही विचारण्यासारखे आहेत. पहिल्या भेटीतच विचारावे की, आपल्याला कोणत्या गटात टाकले आहे, ते कोणत्या माहितीवरून ठरले आणि परिस्थिती बदलली तर ते पुन्हा तपासून घेता येते का. योजनेवर सही करण्याआधी प्रत्येक अट वाचावी किंवा वाचून घ्यावी, आणि जी पाळता येणार नाही ती तिथल्या तिथे सांगून बदलून घ्यावी, कारण सही केलेली अट नंतर बदलणे अवघड जाते. आजार किंवा देखभालीची जबाबदारी असेल तर अटींतून सूट देणारा नियम कोणता आणि त्यासाठी कोणता दाखला लागतो, हे लेखी मागावे. प्रवास, कपडे, हत्यारे, परवाने, पाळणाघर यांसाठीचा निधी अनेकदा समुपदेशकाच्या अधिकारात असतो आणि त्याची जाहिरात होत नाही. तो मागणाऱ्यालाच मिळतो. नोकरी स्वीकारण्यापूर्वी साहाय्य किती कमी होईल आणि नोकरी सुटल्यास ते पुन्हा सुरू होण्यास किती वेळ लागेल, याचा हिशेब कार्यालयाकडूनच करून घ्यावा.

भेटीला विश्वासातील व्यक्तीला बरोबर नेता येते का, दुभाषी मिळतो का, हेही विचारावे. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी, आणि नोंद ऑनलाइन केली असेल तर पानाचे चित्र तारखेसह जपून ठेवावे. कपातीचे पत्र आल्यास त्यात कारण, कालावधी आणि दाद मागण्याची मुदत दिली आहे का, ते आधी पाहावे. ही मुदत बहुधा काही आठवड्यांचीच असते आणि चुकवल्यास योग्य तक्रारही फेटाळली जाऊ शकते. दाद मागत असताना साहाय्य चालू राहते की थांबते, आणि थांबत असल्यास दरम्यानच्या काळासाठी तातडीची मदत कोणत्या कार्यालयातून मिळते, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे.